रत्नागिरी ते जयगड एका दिवसात, लोकल गाडी आणि ड्रायव्हर ठरवून कसं करायचं

नोव्हेंबर लागला की नात्यातल्या नाहीतर ऑफिसातल्या कुणाचा तरी मेसेज येतोच, अगं आम्ही रत्नागिरीला चाललोय, हातात एकच दिवस आहे, समुद्राच्या कडेकडेने जाणारा तो रस्ता करायचाय, गाडी कुठे मिळेल, ड्रायव्हर चांगला मिळेल का, काय काय होईल. माझं आजोळ त्याच बाजूचं. आईचे गुडघे दुखायला लागले आणि तिला एसटीची पायरी चढवेना तेव्हापासून आम्ही रेल्वेने जातो आणि तिथे लोकल गाडी ड्रायव्हरसकट दिवसभरासाठी घेतो, त्यामुळे चार गोष्टी चांगल्या कळल्यात आणि दोन ठेच लागून कळल्यात. त्या सगळ्या एकदाच नीट लिहिते.

सगळ्यात आधी एक ठरवा, उत्तर की दक्षिण. रत्नागिरीहून उत्तरेला गेलं की आरे-वारे, गणपतीपुळे, मालगुंड, जयगड. दक्षिणेला गेलं की भाट्ये, पावस, पूर्णगड, पुढे कशेळीचं कनकादित्य सूर्यमंदिर. दोन्ही बाजू सुंदर आहेत पण एका दिवसात दोन्ही करायला गेलात तर दिवसभर गाडीच्या काचेतून नारळाची झाडं मागे पळताना दिसतील आणि समुद्रात पाय बुडवायला वेळ उरणार नाही. शहरातलं लोकमान्य टिळकांचं जन्मस्थान, थिबा पॅलेस, रत्नदुर्ग हेही याच दिवसात कोंबू नका, त्याला निवांत वेगळा दिवस लागतो. (थिबा पॅलेसची गोष्ट मुलांना मात्र नक्की सांगा, ब्रह्मदेशाच्या राजाला १८८५ मध्ये इंग्रजांनी गादीवरून काढलं आणि इतक्या लांब आणून ठेवलं, १९१६ मध्ये तो इथेच गेला.) पहिल्यांदा जाणाऱ्याने उत्तरेचाच रस्ता घ्यावा असं माझं पक्कं मत आहे, कारण त्यात घाटावरून दिसणारा समुद्र, देऊळ, किल्ला आणि खाडी असं सगळं थोड्या अंतरात मिळतं.

आता तारीख. लोक सुट्टी बघून तारीख ठरवतात, मी म्हणते आधी कालनिर्णय काढा आणि तिथी बघा. कोकणात भरतीचा जुना हिशोब आहे, तिथीला पाऊण ने गुणायचं की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. म्हणजे अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, आणि साधारण सहा तासांनी म्हणजे दुपारी बाराला ओहोटी. पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा, म्हणजे दुपारी बाराच्या आत भरती होऊन जाते आणि संध्याकाळी पाच-साडेपाचला पाणी पार आत गेलेलं असतं. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. मिनिटामिनिटाचा हिशोब नाही हा, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण दिवस आखायला पुरतो. याचा उपयोग असा की पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास गेलात तर सूर्यास्ताच्या वेळी किनाऱ्यावर लांबच लांब ओली वाळू मिळते, त्यात आकाशाचा रंग उतरतो, मुलांना पळायला जागा मिळते, आणि पौर्णिमा असेल तर मागे डोंगरावरून चंद्र वर येतो. अष्टमी-नवमीला गेलात तर नेमकी संध्याकाळची भरती, वाळूची पट्टी अरुंद झालेली. एक मात्र आहे, पौर्णिमा-अमावास्येचं पाणी उधाणाचं, ते चढताना आणि उतरताना जोर जास्त असतो, त्यामुळे बघायला उत्तम आणि आत शिरायला वाईट. त्यावर पुढे लिहितेच.

संकष्टी टाळा. गणपतीपुळ्याला त्या दिवशी दर्शनाची रांग लागते आणि अंगारकी असेल तर गाडी लावायलाच वेळ जातो. भक्तीने जायचं असेल तर जरूर जा, पण मग तो दिवस देवाचा, समुद्राचा नाही. मे महिन्याच्या सुट्टीत आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गर्दी असते, गाड्यांचे रेट चढतात, आणि चांगले ड्रायव्हर आधीच बुक झालेले असतात. पावसाळ्यात डोंगर हिरवेगार होतात पण समुद्र खवळलेला, रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं, आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद त्यामुळे ताजी मासळीही धड नाही. माझ्या मते नोव्हेंबर ते फेब्रुवारी. आंबा हवा असेल तर एप्रिल, उन्हाची तयारी ठेवून.

गाडी कशी शोधायची. मुंबई-पुण्याहून गाडी घेऊन जाण्यात एका दिवसासाठी काहीच अर्थ नाही, मुंबईहून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर, ड्रायव्हर दमलेला, तुम्ही दमलेले, आणि त्याला गल्ल्या माहीत नाहीत. रात्रीची कोकणकन्या किंवा तुतारी पकडा, पहाटे नाहीतर सकाळी रत्नागिरीला उतरा आणि तिथली गाडी घ्या. शहरासारखं अ‍ॅपवर गाडी दाबली आणि आली यावर तिथे विसंबू नका. सगळ्यात चांगला रस्ता म्हणजे जिथे राहणार किंवा जेवणार त्या घरगुती खानावळीच्या काकूंना फोन करून विचारायचं, काकू तुमच्या ओळखीचा कुणी आहे का गाडीवाला. त्यांचा माणूस असला की तो नीट वागतो कारण त्याला उद्या पुन्हा त्याच गावात राहायचंय. ओळख नसेल तर लॉजच्या मालकाला विचारा, नाहीतर स्टेशनबाहेरच्या टॅक्सीवाल्यांशी बोला, पण शक्यतो आठवडाभर आधी फोनवर ठरवून जा.

फोनवर दोन प्रश्न पहिले विचारा. एक, गाडी तुमची स्वतःची आहे का आणि चालवणार तुम्हीच का. स्वतःची गाडी असणारा माणूस वळणावर जपून घेतो, आणि गाडीत मीठ-वाळू जाऊ नये म्हणून तोच आधी सांगतो ताई पाय झटकून बसा. एजन्सीची गाडी असेल तर ठीक आहे, पण येणाऱ्या ड्रायव्हरचा स्वतःचा नंबर आदल्या दिवशीच घ्या. दुसरा प्रश्न, नंबर प्लेट पिवळी आहे ना. पिवळ्या पाटीवर काळे आकडे म्हणजे भाड्याने चालवायचा परवाना असलेली गाडी. पांढऱ्या पाटीच्या खाजगी गाड्याही स्वस्तात मिळतात, लोक घेतातही, पण ते नियमात बसत नाही आणि देव न करो काही झालं तर इन्शुरन्सच्या वेळी अडचण येऊ शकते. लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असताना मी पांढऱ्या पाटीची गाडी घेत नाही.

किती माणसं त्यावर गाडी. चार जणांना डिझायर किंवा वॅगनआर पुरते, सहा असाल तर अर्टिगा. उगाच मोठी गाडी घेऊ नका, आतल्या वाड्यांमधले रस्ते दोन्ही बाजूंनी जांभ्या दगडाच्या गडग्यांचे आणि अरुंद, समोरून एसटी आली की कुणाला तरी मागे जावं लागतं. दोघंच असाल आणि फक्त गणपतीपुळ्यापर्यंत जायचं असेल तर रिक्षावालेही येतात, वारा खात मजेत जाता येतं, पण जयगडपर्यंत रिक्षा नको, कंबरडं मोडतं.

आता पैसे, कारण भांडणं इथेच होतात. मी आकडा सांगत नाही, डिझेल आणि सीझनप्रमाणे बदलतो, पण हिशोब कसा मांडायचा ते सांगते. बरेच जण आठ तास ऐंशी किलोमीटर असं पॅकेज सांगतात आणि त्यापुढे किलोमीटरमागे आणि तासामागे जादा. ऐकायला स्वस्त वाटतं. पण बघा, स्टेशन गावाबाहेर कुवारबावला, शहरापासून सहा-सात किलोमीटर. शहरातून किनाऱ्याच्या रस्त्याने गणपतीपुळे साधारण पंचवीस. तिथून मालगुंड दोन, आणि जयगड वीसच्या आसपास. हे सगळं जाऊन-येऊन, मधल्या आडवाटा धरून शंभर ते सव्वाशे किलोमीटर आणि बारा-तेरा तास होतात. म्हणजे आठ-ऐंशीचं पॅकेज तुमच्या कामाचं नाहीच, ते जयगडला पोचायच्या सुमारास संपणार आणि उरलेला दिवस तुम्ही मीटरकडे बघत काढणार. त्यापेक्षा सगळी ठिकाणं सांगून पूर्ण दिवसाचा एकच आकडा घ्या, डिझेल आणि त्याचा भत्ता धरून. आणि किलोमीटर कुठून मोजणार ते विचारा. एका वर्षी आम्ही हे विचारलंच नाही, संध्याकाळी उतरताना कळलं की गाडी जिथून निघाली तिथपासून मोजलेत, गाडी होती दुसऱ्या तालुक्यातली, आणि चाळीस किलोमीटर जास्त लागले. आई प्लॅटफॉर्मवर बसलेली, ट्रेनची वेळ झालेली, वाद घालायची सोय नाही, दिले पैसे. दिवस इतका छान गेला होता आणि शेवट तसा झाला याचं मला अजून वाईट वाटतं. तेव्हापासून मी सगळं आधी लिहून पाठवते. हा माझा मेसेज, जसाच्या तसा वापरा:

"दादा नमस्कार. शनिवारी सकाळी साडेसातला रत्नागिरी स्टेशनवरून निघायचं. चार मोठे, एक लहान. आरे-वारे, गणपतीपुळे, मालगुंड, जयगड किल्ला, कऱ्हाटेश्वर, परत येताना सूर्यास्ताला आरे-वारे, रात्री साडेआठपर्यंत स्टेशनला सोडायचं. एसी पूर्ण दिवस. डिझेल आणि तुमचा भत्ता धरून एकच रक्कम सांगा. किलोमीटर स्टेशन ते स्टेशन. पार्किंग आणि तुमचं जेवण आमच्याकडे. पिवळ्या नंबरची गाडी. मान्य असेल तर हो लिहा, मी पाचशे अ‍ॅडव्हान्स पाठवते."

हे वाचून कुणी वैतागत नाही, उलट चांगल्या ड्रायव्हरला बरं वाटतं, त्यालाही संध्याकाळचे वाद नकोच असतात. एसीचं लिहायला विसरू नका, काही जण चढावर बंद करतात. खरं तर सकाळी काच खाली करूनच जावं, पण दुपारी दोनच्या उन्हात जयगडच्या रस्त्यावर एसी लागतोच.

ट्रेन पहाटे पोचली तर ड्रायव्हरला साडेपाचला बोलावू नका. तुम्ही रात्री साडेआठला सोडणार, म्हणजे त्याचा दिवस पंधरा तासांचा झाला, आणि संध्याकाळच्या अंधारात वळणावर झोप आलेला माणूस स्टीअरिंगवर हे आपल्यालाच धोक्याचं. स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये तोंड धुवा, नाहीतर शहरातल्या एखाद्या लॉजवर दोन तासांसाठी खोली मागा, आंघोळ-नाश्ता करा आणि गाडी तिथेच बोलवा. आईला घेऊन असले की मी खोलीच घेते. गाडीत बसताना नंबर प्लेटचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाका आणि लाइव्ह लोकेशन चालू करा. यात ड्रायव्हरवर अविश्वास नाही, बायका-बायका जात असाल तर घरचे निर्धास्त राहतात, आणि ड्रायव्हरच्या समोरच करा म्हणजे त्यालाही माहीत असतं.

शहरातून निघायची वेळ आठ, फार तर सव्वाआठ. याचं कारण ऊन. समुद्र पश्चिमेला, सकाळी सूर्य आपल्या पाठीशी, त्यामुळे पाण्याचा खरा निळा-हिरवा रंग सकाळीच दिसतो. दुपारनंतर सूर्य समोर येतो आणि पाणी नुसतं पांढरं चकाकतं, डोळे मिटावे लागतात, फोटोत माणसं काळी येतात. आणि बसायची जागा, जाताना समुद्र डाव्या हाताला असतो. ज्याला समुद्र बघायचाय त्याने डाव्या खिडकीत बसा, परत येताना उजवीकडे सरका. मुलांची आधीच वाटणी करून द्या, जाताना तू येताना तो.

कुणाला गाडी लागत असेल तर त्याला पुढे ड्रायव्हरशेजारी बसवा. वळणं खूप आहेत. निघायच्या अर्धा तास आधी डॉक्टरांना विचारून गोळी, पोटात थोडं काहीतरी, आणि तोंडात आवळासुपारी. मोबाईलमध्ये बघत बसायचं नाही. ड्रायव्हरला आधीच सांगा दादा एकाला गाडी लागते, तो आपोआप हळू घेतो.

शहरातून बाहेर पडलं की शिरगाव, मग साखरतरचा पूल, खाली खाडीत होड्या, पुढे काळबादेवी. इथपर्यंत थांबायची गरज नाही, फक्त पुलावर गाडी हळू घ्यायला सांगा. मग आरे येतं आणि तिथून चढाव, आणि चढावावर ते ठिकाण जिथे एका बाजूला आऱ्याचा किनारा आणि दुसऱ्या बाजूला वाऱ्याचा, मध्ये आपण डोंगराच्या नाकावर उभे. मी लहानपणापासून कितीतरी वेळा तिथे उभी राहिलेय आणि दर वेळी घशात काहीतरी येतं. तिथे घाई करू नका. ड्रायव्हरला सांगा गाडी वळणावर न लावता पुढे मोकळ्या जागेत कडेला लावा, तुम्ही चालत मागे या. वळणावरच गाड्या थांबवून फोटो काढणारे खूप असतात आणि मागून एसटी येते, मुलांचा हात सोडू नका. मग खाली सुरूच्या बनात जा, शहाळं प्या, अर्धा-पाऊण तास बसा. सकाळी तिथे जवळपास कुणी नसतं.

पाण्यात शिरण्याबद्दल मला नीट सांगायचंय. आरे-वारे आणि गणपतीपुळे, दोन्ही ठिकाणी पाण्याला आत ओढ आहे आणि तळ एकदम खोल होतो. पोहता येणारी माणसं बुडाल्याच्या बातम्या पुन्हा पुन्हा येतात, आणि बहुतेक वेळा ती बाहेरगावहून आलेली असतात. आमच्याकडे मामाचा नियम होता, घोट्यापर्यंत पाणी, गुडघा भिजला की मागे. मी मुलांना तोच नियम लावते. लाइफगार्डने शिट्टी मारली तर वाद घालू नका, आणि ड्रायव्हर म्हणाला ताई आज पाणी बरोबर नाही, तर ऐका, त्याचा जन्म तिथे गेलाय. वाळूत गाडी घालायचा आग्रहही त्याला करू नका, चाक रुतलं की भरती कुणासाठी थांबत नाही.

पुढे नेवरे, भंडारपुळे, आणि गणपतीपुळे. भंडारपुळ्याला उतारावरून खालचा किनारा दिसतो तिथे दोन मिनिटं थांबा. गणपतीपुळ्याला साडेदहाच्या आसपास पोचता. इथला डोंगरच गणपती मानतात, त्यामुळे प्रदक्षिणा देवळाला नाही तर अख्ख्या डोंगराला, साधारण एक किलोमीटर. वाट फरसबंद आहे पण चढउतार आहे, अनवाणी जात असाल तर बाराच्या आत करा, नंतर पाय भाजतात. आईसाठी आम्ही असं करतो की दर्शन झालं की तिला देवळाबाहेर सावलीत बसवतो, एक जण तिच्यापाशी थांबतो, बाकीचे प्रदक्षिणा करून येतात. ड्रायव्हरबरोबर भेटायची जागा आणि वेळ उतरतानाच ठरवा, पार्किंगमधल्या कुठल्या झाडाखाली, किती वाजता, कारण गर्दीच्या दिवशी फोन नीट लागत नाही. याच कारणाने थोडी रोख रक्कम जवळ ठेवा, नेट गेलं की शहाळेवाल्याला क्यूआर दाखवून उपयोग नाही.

जेवण. हा माझा जिव्हाळ्याचा विषय. रस्त्यावर मोठ्या पाट्यांची हॉटेलं आहेत पण तिथे पनीर आणि नूडल्स खायला इतक्या लांब यायची गरज नाही. गणपतीपुळे-मालगुंड भागात घरगुती जेवण करून देणारी घरं आहेत, ती माणसं मोजून रांधतात, म्हणून सकाळी निघतानाच, शक्य झालं तर आदल्या रात्रीच फोन करा, किती ताटं, शाकाहारी किती, मासे कुठले मिळतील. शाकाहारी ताटात कुळथाचं पिठलं किंवा बिरड्याची उसळ, सीझनला फणसाची भाजी, सोलकढी, आणि सांगून ठेवलं तर उकडीचे मोदक. मोदक ऐन वेळी मागू नका, उकड काढायला वेळ लागतो. मासे खाणारे असाल तर सुरमईच्या मागे लागण्यापेक्षा आज काय आलंय ते विचारा, ताजा बांगडा शिळ्या सुरमईपेक्षा केव्हाही चांगला.

ड्रायव्हरचं जेवण वेगळं लिहिते कारण अनेक जण इथे चुकतात. त्याला बाहेर गाडीत बसवून आपण आत जेवत बसायचं हे मला पटत नाही. त्याला विचारा, दादा आमच्याबरोबर बसताय की तुमचं कुठे ठरलंय. काही जण संकोचतात, त्यांना वेगळं बसायचं असतं, तसं करू द्या, पण ताट तेच द्या आणि पैसे तुम्ही द्या. जेवणानंतर त्याला अर्धा तास पडू द्या. तेवढ्यात तुम्ही केशवसुतांचं स्मारक बघून या, मालगुंडलाच आहे. १८६६ मध्ये कृष्णाजी केशव दामले इथे जन्मले, ते घर जपून ठेवलंय, शांत आवार आहे, दुपारच्या उन्हात मस्त गारवा असतो. ज्यांना कवितेचं फारसं काही नाही त्यांनाही ते कोकणी घर आवडतं.

आणि ड्रायव्हर कमिशनसाठी दुकानात नेतो का, हा प्रश्न मला खूप जण विचारतात. नेतात काही जण, काजू-कोकमच्या दुकानात. राग धरण्यासारखं काही नाही, पण तुम्हाला नको असेल तर सकाळीच गोड आवाजात सांगून टाका, दादा खरेदी आम्ही परत येताना एकाच ठिकाणी करणार, मध्ये नको. एकदा सांगितलं की पुन्हा विषय निघत नाही. उलट तुम्ही त्याला विचारलंत की दादा तुम्ही घरी कोकम कुठून आणता, तर तो जिथे नेईल ते दुकान बहुतेक चांगलंच निघतं.

दोनच्या सुमारास जयगडकडे. रस्ता आतून जातो, वरवडे, मग खंडाळा, आणि पुढे बंदरामुळे मोठे ट्रक असतात. इथे ड्रायव्हरला ओव्हरटेकची घाई लावू नका. जयगड किल्ला शास्त्री नदीच्या मुखावर आहे, तिन्ही बाजूंना पाणी नसलं तरी बुरुजावर उभं राहिलं की खाडी आणि समुद्र एकत्र दिसतात, आणि किल्ला इथेच का बांधला ते पुस्तक न वाचता कळतं, खाडीत शिरणारं प्रत्येक गलबत या बुरुजाच्या नजरेखालून जाणार. विजापूरकरांच्या काळातला किल्ला, पुढे आंग्र्यांकडे आला, १८१८ मध्ये इंग्रजांनी घेतला. बुरुज काही केल्या उभा राहीना म्हणून जयबा नावाच्या मुलाने स्वतःचा बळी देऊ केला आणि त्याच्यावरून जयगड नाव पडलं अशी गोष्ट गावात सांगतात. गाडी किल्ल्याच्या अगदी दारापर्यंत जाते, त्यामुळे आईसारख्या माणसांनाही बघता येतो. तटावर कठडा नाही, मुलांना पुढे सोडू नका, आणि आत सावली कमी आहे, टोपी-पाणी घ्या. पलीकडे तवसाळला फेरी बोट जाते, गाडीसकट, ती मुलांना दाखवा, पण त्या दिवशी पलीकडे जाऊ नका, गुहागर हा वेगळा दिवस आहे.

तासाभरात आटपून कऱ्हाटेश्वरला या. नांदिवड्याजवळ कड्यावरचं शंकराचं देऊळ, खाली खडकांवर लाटा आपटतात, पायऱ्या उतरून गेलं की गोड्या पाण्याचं गोमुख आहे. खाऱ्या पाण्याच्या इतक्या जवळ गोडं पाणी हे मला अजूनही नवल वाटतं. गर्दी नसते. वेळ कमी पडतोय असं दिसलं तर किल्ला थोडक्यात करा, पण हे सोडू नका. खडक ओले असतील तर पायरी सोडून पुढे जाऊ नका.

साडेचारला परत फिरायचंच. सूर्यास्त डिसेंबरात सव्वासहाच्या आत होतो, मेमध्ये सातच्या सुमारास, आणि जयगडहून आरे-वाऱ्याला यायला तास लागतो. परतताना ड्रायव्हर म्हणेल की निवळीवरून हायवेने लवकर पोचू, तो बरोबरच सांगत असतो, पण तुम्हाला लवकर पोचायचं नाहीये. किनाऱ्यानेच या. या वेळी वर न थांबता थेट खाली वाळूत उतरा. तिथीचा हिशोब करून आला असाल तर समोर ओली वाळू पसरलेली असेल. सूर्य बुडाला की लगेच उठू नका, खरा रंग पुढच्या दहा-पंधरा मिनिटांत येतो. मात्र पूर्ण अंधार पडायच्या आत गाडीत बसा, वळणाच्या रस्त्यावर दिवे नाहीत आणि गुरं मध्ये बसलेली असतात.

रात्री स्टेशनवर पोचलात की सामान उतरवण्याआधी पैशांचं आटपा, घाईत नको. ठरलेली रक्कम, पार्किंग तुम्ही दिलं नसेल तर ते, आणि दिवस चांगला गेला असेल तर वर काही. सीटखाली, मागच्या खणात बघून घ्या, आमच्या छोट्याची चप्पल एकदा राहिली होती आणि ड्रायव्हरदादांनी ती पुढच्या महिन्यात ओळखीच्या माणसाबरोबर ठाण्याला पाठवली. नंबर गावाच्या नावासकट सेव्ह करा, पुढच्या वेळी त्यांनाच फोन करा, दुसऱ्या खेपेला त्यांना तुमची सवय झालेली असते. आणि एप्रिल-मेमध्ये गेलात तर आंब्याची पेटी सकाळीच त्यांना सांगून ठेवा, म्हणजे संध्याकाळी त्यांच्या ओळखीच्या बागेतून घेता येते. पेटी दिवसभर उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवू नका, आंबा भाजतो, परतीच्या वाटेवर शेवटची घ्या आणि ट्रेनमध्ये बर्थखाली जिथे वारा लागेल तिथे ठेवा.